भिंतीपलीकडचे लोहगाव

आज ८ ऑक्टोबर. १९३२ साली याच दिवशी भारतीय हवाई दलाची स्थापना झाली. देशभरच्या हवाई तळांवर आज ध्वजास मानवंदना दिली जाईल, संचलने होतील आणि आकाशात विमानांच्या रांगा दिसतील. पुणेकरांस विमानांची नवलाई उरलेली नाही. लोहगावावरून उठणाऱ्या सुखोईच्या गर्जनेने ज्यांच्या खिडक्यांची तावदाने रोज हादरतात, त्यांनी आजच्याच दिवशी मान वर करून का पाहावे, असा प्रश्न कोणास पडला तर त्यात गैर नाही. म्हणूनच आज आम्ही वाचकांची दृष्टी आकाशाकडे न नेता जमिनीकडे वळवू इच्छितो. लोहगावच्या त्या लांबच लांब भिंतीपलीकडे एक वसती आहे. आमच्या शहराला खेटून ती ऐंशीहून अधिक वर्षे उभी आहे, आणि तरीही ती आम्हांस जवळजवळ अपरिचित आहे. वर्धापनदिन खरा कोणाचा असेल तर तो त्या वसतीचा होय.

हवाई दलाच्या जन्मकथेतच या म्हणण्याचा पुरावा आहे. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळच्या ड्रिग रोड येथे पहिली तुकडी उभी राहिली, तेव्हा तिच्यापाशी वापिटी जातीची अवघी चार विमाने होती. क्रॅनवेल येथे शिकून आलेले अधिकारी होते सहा, आणि त्यांच्या जोडीला हवाई शिपाई होते एकोणीस. म्हणजे आरंभापासूनच एका अधिकाऱ्यामागे तीन माणसे यंत्राशी झटणारी, तेलाने हात माखलेली, टाळ्यांच्या वाट्याला न येणारी होती. आज विमाने शेकड्यांनी मोजावी लागतात आणि यंत्रे कल्पनेपलीकडे गुंतागुंतीची झाली आहेत; परंतु जो उडतो त्याचे प्राण जमिनीवर राहणाऱ्याच्या हाती असतात, हा त्या दलाचा मूळ नियम तसूभरही बदललेला नाही.

लोहगावचा तळ १९३९ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास, मुंबई शहराच्या हवाई संरक्षणासाठी इंग्रजांनी उभारला. स्वातंत्र्यानंतर तो आमचा झाला आणि त्याने आपले मोल लवकरच सिद्ध केले. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी विंग कमांडर मेनन यांच्या नेतृत्वाखाली पुण्याहूनच बारा कॅनबेरा विमाने दाभोळीच्या धावपट्टीवर चालून गेली. धावपट्टी निकामी करावी, पण विमानतळाच्या इमारतींना इजा करू नये, असा त्यांना आदेश होता. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. सप्टेंबर २००२ मध्ये सुखोई-३० एमकेआय विमानांनी हवाई दलात प्रथम प्रवेश केला तोही याच तळावर. गोमंतकाच्या मुक्तीचा इतिहास सांगताना सत्याग्रहींचे स्मरण आपण करतो, ते योग्यच आहे. परंतु त्या बारा विमानांच्या पोटात बॉम्ब चढविणारे, त्यांची इंधनाची तोटी आवळणारे हात कोणाचे होते, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. ते हात भिंतीपलीकडच्या वसतीतले होते.

कशी आहे ही वसती? तिच्यात केरळचा सार्जंट आणि हिमाचलचा कॉर्पोरल एकाच जिन्यावर राहतात. एका घरातून सांबाराचा वास येतो, तर शेजारी सरसूची भाजी शिजत असते. ओणमच्या फुलांची रांगोळी, लोहडीची शेकोटी, दुर्गापूजा आणि आमचा गणेशोत्सव हे सारे एकाच मैदानावर पाळीपाळीने साजरे होतात. राष्ट्रीय एकात्मतेवर आम्ही संपादक मंडळी रकानेच्या रकाने भरतो. तेथे ती कोणी शिकवीत नाही, ती पाण्याच्या नळावर आणि शाळेच्या बसच्या थांब्यावर आपोआप घडते. मात्र या चित्राला दुसरी बाजू आहे. दर काही वर्षांनी बदलीचा हुकूम येतो आणि संसार पुन्हा काळ्या पेट्यांत भरला जातो. लोहगावी मराठीची मुळाक्षरे नुकतीच गिरवू लागलेले मूल पुढच्या वर्षी आसामात किंवा राजस्थानात नव्या वर्गात परके म्हणून उभे राहते. शिकलेल्या पत्नीस नोकरी मिळते न मिळते तोच ती सोडावी लागते. पती सीमेवरच्या तळावर गेला की मुलांचे आजारपण, सासूसासऱ्यांची चिंता आणि बँकेचे हप्ते ती एकटी निभावते. आणि प्रत्येक उड्डाणाच्या वेळी, विशेषतः रात्रीच्या, विमान उतरल्याचा आवाज कानी पडेपर्यंत कितीतरी घरांत कोणी झोपत नाही. आम्हांस जो आवाज उपद्रव वाटतो, तोच त्यांना निश्वास टाकण्याची परवानगी देतो.

अशा वसतीत वर्धापनदिनाचा अर्थ वेगळा असतो. हवाई दलात ‘बडा खाना’ म्हणून एक जुनी परंपरा आहे. त्या दिवशी अधिकारी आणि वायुसैनिक एका मांडवाखाली जेवतात, आणि हुद्द्याची उतरंड घटकाभर बाजूला ठेवून वरिष्ठ कनिष्ठांची विचारपूस करतात. बाहेरच्यास हा एक मेजवानीचा प्रकार वाटेल. परंतु आज्ञेवर चालणाऱ्या संस्थेत आज्ञा देणाऱ्याने ती पाळणाऱ्याच्या पंगतीस बसणे याला फार मोठा अर्थ आहे. उद्या ज्याने घट्ट केलेल्या खिळ्यावर आपला जीव अवलंबून राहणार, त्याच्या मुलीचे नाव आपणांस ठाऊक असावे, हीच त्या पंगतीची शिकवण. त्या पंगतीत काही घरे अशीही असतात, की ज्यांचा माणूस परत आला नाही. त्यांना सन्मानाने बोलावणे आणि त्यांच्या मुलांना आपल्यात धरून ठेवणे, ही आमच्या मते कोणत्याही संचलनाहून मोठी मानवंदना होय.

आता थोडे दिखाव्याविषयी. पुष्कळ वर्षे हवाई दलदिनाचा मुख्य सोहळा दिल्लीजवळच्या हिंडन तळावर होत असे. २०२२ पासून तो चंडीगड, प्रयागराज, चेन्नई असा निरनिराळ्या शहरी नेण्यात आला. जनतेस आपले दल जवळून पाहता यावे हा हेतू स्तुत्य होता. परंतु ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर लाखोंची गर्दी लोटली, आणि उन्हाच्या तडाख्याने पाच नागरिकांस प्राण गमवावे लागले. दोष कोणाचा, हा वाद आम्ही येथे उकरू इच्छित नाही. २०२५ चे संचलन पुन्हा हिंडनलाच झाले, याची मात्र नोंद घेतली पाहिजे. उत्सव जेव्हा केवळ डोळ्यांचा होतो, तेव्हा पाहणाऱ्याच्या डोक्यावर सावली आहे की नाही, त्याला प्यायला पाणी आहे की नाही, हे कोणाच्याच ध्यानी राहत नाही. वर्षातून एकदा टाळ्या वाजविणे सोपे असते. शेजारधर्म वर्षभर पाळणे कठीण असते.

आणि त्या शेजारधर्मात आम्ही पुणेकर कोठे आहोत? विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर केरकचरा टाकणे अथवा जनावरे कापणे कायद्याने निषिद्ध आहे. कारण उकिरड्यावर घारी जमतात, आणि वेगाने जाणाऱ्या विमानाच्या यंत्रात एक घार शिरली तर कोट्यवधींचे विमान आणि अमोल प्राण क्षणात संकटात पडतात. तरीही विमाननगर, धानोरी, लोहगाव या भागांतून सकाळी फेरफटका मारावा आणि रस्त्याकडेचे ढीग मोजावेत. २०१७ साली लोहगावचा उरलेला भाग महापालिकेत आला. तेव्हा हे ढीग उचलण्याची जबाबदारी कोणाची, याविषयी आता संदेह राहिलेला नाही. ढीग उचलणे पालिकेचे काम खरे, पण तो घालणारा हात पालिकेचा नसतो, आमचाच असतो. तळाभोवतीच्या बांधकामांवरील निर्बंधांचीही हीच गत. नियमास बगल देऊन मजले चढवायचे आणि मग विमानांचा आवाज फार होतो म्हणून तक्रार करायची, हा न्याय आम्हांस मान्य नाही.

पुण्याचे प्रवासी विमानतळ हे हवाई दलाच्या धावपट्टीवर चालते, हे तरी किती प्रवाशांस ठाऊक आहे? ऑक्टोबर २०२१ मध्ये त्या धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी चौदा दिवस सारी प्रवासी उड्डाणे बंद राहिली, तेव्हा शहराला प्रथमच जाणवले की आपण दुसऱ्याच्या अंगणातून ये-जा करतो. २०२४ साली प्रवाशांसाठी नवी भव्य इमारत खुली झाली. अंगण मात्र अजून त्यांचेच आहे. १४ ऑक्टोबर २०१४ रोजी एक सुखोई थेऊरनजीक शेतात कोसळले, दोन्ही वैमानिक सुदैवाने बचावले आणि जमिनीवरही कोणास इजा झाली नाही. त्या दिवशी शहराचे काळीज क्षणभर थांबले होते. ती जाणीव अपघाताच्या दिवसापुरती असू नये.

परंतु शेजारधर्म एकतर्फी असत नाही, हेही आम्ही तितक्याच स्पष्टपणे सांगू. लोहगाव हे तुकोबांचे आजोळ. त्यांच्या कीर्तनाने एके काळी या गावाला वेड लावले, असे परंपरा सांगते. या मातीतल्या शेतकऱ्यांनी देशासाठी आपल्या जमिनी दिल्या. तळाच्या विस्तारासाठी अथवा निर्बंधांमुळे ज्यांचे नुकसान होते त्यांना वेळेवर आणि न्याय्य मोबदला मिळाला पाहिजे. घराच्या दुरुस्तीच्या परवानगीसाठी म्हाताऱ्या माणसास कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागता कामा नयेत. विमानतळास तुकाराम महाराजांचे नाव देण्याच्या प्रस्तावास राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. नावाचा आनंद आम्हांसही आहे. पण गावकऱ्यांशी सरळ वागणे हाच तुकोबांचा खरा सन्मान ठरेल.

आणखी एका गोष्टीकडे आम्ही राज्यकर्त्यांचे लक्ष वेधू इच्छितो. २०२२ साली जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने वायुसैनिकाची पहिली नेमणूक चार वर्षांची झाली. या काळात त्याने अविवाहित राहावयाचे, आणि मुदतीअखेर पंचवीस टक्क्यांपर्यंतच उमेदवारांना पुढे कायम करावयाचे, अशी ती योजना आहे. तिच्या आर्थिक गुणदोषांची चर्चा पुष्कळ झाली. वसतीचा विचार फारसा कोणी केला नाही. वीस-वीस वर्षे एकमेकांच्या सुखदुःखात राहिलेल्या कुटुंबांतून जो विश्वास उपजतो, तो चार वर्षांच्या पाहुण्यांतून कसा उपजणार? जे कायम राहतील ते या परंपरेचे वारस होतील. जे परततील त्यांनाही, आपण कधीतरी या घरचे होतो, असे वाटले पाहिजे. त्यांच्या हातचे कौशल्य वाया न जाऊ देणे हे पुण्यासारख्या कारखान्यांच्या शहरास सहज शक्य आहे. आमच्या उद्योगपतींनी ते मनावर घ्यावे.

२०३२ साली हवाई दलास शंभर वर्षे पूर्ण होतील. त्या शताब्दीस मोठमोठी तोरणे बांधली जातील. पुण्याने मात्र आजपासून एक साधा संकल्प करावा, असे आम्हांस वाटते. तळाभोवतीचा एकही उकिरडा तोवर शिल्लक राहू नये; बदलीवर आलेल्या मुलास आमच्या शाळांत वर्षाच्या मध्यावरही प्रवेश मिळावा; आणि लोहगावच्या शेतकऱ्याचे एकही न्याय्य गाऱ्हाणे पडून राहू नये. एवढे साधले, तर आज रात्री आकाशात जो आवाज घुमेल तो आम्हांस उपद्रव वाटणार नाही. भिंतीपलीकडच्या त्या घरांप्रमाणे आपणही तो आवाज सुखरूप उतरेपर्यंत कान देऊन ऐकू. त्या वसतीस आमच्या वर्धापनदिनाच्या शुभेच्छा.