आईला कळलेली कबड्डी

चंदगडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तिथल्या विजेविषयी वेगळे सांगायला नको. ऐन सामन्यात ती जायची आणि परत यायची तेव्हा घरात एकच प्रश्न उठायचा, ‘किती झाले?’ त्या काळी धावफलक अधूनमधूनच दिसे. तो येईपर्यंत तेंडुलकर खेळतो आहे की बाद झाला, याचा अंदाज प्रेक्षकांच्या आरड्याओरड्यावरून बांधायचा. आज पडद्याच्या कडेला कायम बसलेल्या त्या छोट्या पट्टीचे कुणाला कौतुक राहिलेले नाही. पण आमच्यासारख्यांना विचारा!

माझी आई क्रिकेटच्या वाटेला कधी गेली नाही. इंग्रजी अक्षर तिला येत नाही आणि अलीकडे कानही साथ देत नाहीत. पण २०१४ च्या जुलैमध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि ऐन आषाढ-श्रावणात ही बाई टीव्हीसमोर येऊन बसू लागली. आम्ही चकित. कबड्डी तिला नवी नव्हती, गावच्या मैदानावर दोन्ही भावांना खेळताना तिने पाहिले होते. पण मैदानावरची कबड्डी कानांनीही कळते. चढाईपटूचा दम ऐकू येतो, तो तुटत चालला की काठावरच्यांचाही श्वास अडकतो. टीव्हीवर तो दम गर्दीच्या गोंगाटात बुडून जातो. मग चढाईची ३० सेकंदे पडद्यावर उलटी मोजून दाखवली गेली. जो श्वास ऐकू येत नाही, तो डोळ्यांना दिसू लागला. आकडा खाली येऊ लागला की आई पदराचे टोक मुठीत धरी.

लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवायचाच, नाहीतर चढाईपटू बाद. तीन किंवा त्याहून कमी बचावपटूंनी पकड केली तर एक गुण जास्त. हे नियम आम्ही तिला कधी समजावले नाहीत. पडद्यावरच्या खुणा आणि गुणांचे आकडे पाहून तिने ते आपसूक जुळवले. एकदा तर तिनेच मला बजावले, ‘गप बस रे, ह्याला आता जावंच लागतंय!’

म्हणून सगळ्याच चित्रांची आरती ओवाळावी असे नाही. अमेरिकेत १९९६ मध्ये एका वाहिनीने बर्फावरच्या हॉकीत ती चपटी चकती नीट दिसावी म्हणून तिच्याभोवती निळी झळाळी सोडली. चकती वेगात सुटली की मागे लाल शेपूट! नवख्यांना बरे वाटले, जाणकार वैतागले, आणि दोन-अडीच वर्षांत तो प्रकार गुंडाळला गेला. उलट १९९८ मध्ये तिथल्याच फुटबॉलमध्ये मैदानावर आखलेली पिवळी रेघ आजही टिकून आहे. इतके अंतर कापायचे आहे, एवढेच ती सांगते; खेळाडू तिच्यावरून धावला तर त्याच्या पायाखाली जाते, अंगावर चढत नाही. आपल्याकडे क्रिकेटमध्ये जिंकण्याची टक्केवारी आणि षटक संपताच चित्राला कोपऱ्यात ढकलणारी जाहिरात पाहिली की मला ती लाल शेपूट आठवते. सामना अजून रंगायचा आहे आणि पडदा सांगतो, अमक्याला ८७ टक्के संधी! कोणी विचारले होते?

खरी गरज आहे ती कुस्तीला. कोल्हापूर जिल्ह्यात राहून हे लिहिताना वाईट वाटते, पण मातीवर चितपट पाहिलेला आमचा माणूस मॅटवरच्या कुस्तीत हरवतो. पंचाने दोन बोटे का वर केली? दहा गुणांची आघाडी होताच लढत का थांबली? काही कळत नाही. निकालावर वाद होतात, त्यांतले कित्येक केवळ न कळण्यातून. एवढी यंत्रे हाताशी आहेत, तर डाव पुन्हा दाखवताना तो ढाक होता की पट, हे मराठीत लिहा, गुण कशाचा तेही लिहा. आकडे मोठे आणि देवनागरी असू द्या, म्हणजे चष्मा शोधावा लागणार नाही.

परवा आईला कुस्ती लावून दिली. पाच मिनिटे पाहून म्हणाली, ‘कोण पडलं रे ह्यात?’ मलाही सांगता आले नाही. तोवर वीज गेली होती.