भूत, ठोसा आणि मजुरी

मारधाडपट आणि भयपट यांचे नाव काढले की आपल्याकडील सुशिक्षित मंडळी नाक मुरडतात. त्यातही डाव्या विचारांची मंडळी जरा अधिकच मुरडतात. कारण त्यांच्या लेखी हे चित्रपट म्हणजे श्रमिकांना गुंगविण्याचे साधन. प्रस्तुत लेखकाला हे मत मान्य नाही. अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य गेले आणि सुटीच्या दिवसांतले बरेच तास या चित्रपटांत गेले; परंतु या दोहोंत विसंगती आहे असे कधी वाटले नाही. किंबहुना श्रम आणि भांडवल यांविषयी आपले ‘गंभीर’ म्हणविणारे चित्रपट जेवढे बोलतात, त्याहून अधिक हे सवंग ठरविलेले चित्रपट बोलून जातात, असे माझे मत आहे.

‘झोंबी’ या प्रकाराचेच पाहा. आज हॉलीवूडने त्याचा रक्तमांसाचा बाजार मांडला असला, तरी ही कल्पना हैतीतील गुलामांची आहे. उसाच्या मळ्यांत मरेपर्यंत राबणाऱ्या माणसाला एकच आशा होती, की मरणानंतर तरी सुटका होईल. मेल्यावरही कोणी उठवून कामाला जुंपील, ही त्याची सर्वांत मोठी भीती. १९३२ साली ‘व्हाइट झोंबी’ हा बोलपट आला, तेव्हा हैतीवर अमेरिकेचा लष्करी अंमल चालू होता. त्यात साखरेच्या गिरणीत मुडदे काम करतात. त्यांतला एक यंत्रात पडतो आणि बाकीचे मान वर न करता काम पुढे चालू ठेवतात. साखर कारखानदारीच्या महाराष्ट्रात बसून हे दृश्य पाहताना अंगावर येणारा काटा केवळ भुताचा नसतो. पुढे १९७८ साली जॉर्ज रोमेरो यांनी ‘डॉन ऑफ द डेड’मध्ये हेच मुडदे एका भव्य व्यापारी संकुलात आणून सोडले. जिवंतपणीच्या सवयीने ते दुकानांच्या दारांशी घोटाळत राहतात! राबणारा मुडदा सेहेचाळीस वर्षांत खरेदी करणारा मुडदा झाला. भांडवलाला रक्तपिपासू पिशाच्चाची उपमा खुद्द मार्क्सने ‘कॅपिटल’मध्ये दिली आहे, हे नाक मुरडणाऱ्या मित्रांच्या कानावर घालून ठेवतो.

आपल्याकडे भयपट म्हटले की रामसे बंधू आठवतात. सात भाऊ, कोणी लेखन करी, कोणी कॅमेरा धरी, कोणी ध्वनिमुद्रण, कोणी संकलन. पहिला भयपट ‘दो गज जमीन के नीचे’ १९७२ साली आला. त्याचे चित्रीकरण महाबळेश्वरला थोड्या भांडवलात उरकलेले होते. अर्थशास्त्राच्या भाषेत याला कुटिरोद्योगच म्हणावे लागेल, आणि ‘पुराना मंदिर’ (१९८४) सारखे त्याचे यश बड्या कंपन्यांना हेवा वाटावा असे होते. त्यांतली कथानके कच्ची होती आणि स्नानाची दृश्ये निव्वळ तिकिटे खपविण्यासाठी होती, हे मी नाकारत नाही. परंतु त्यांतले भूत बहुधा जुन्या हवेलीत, ठाकुराच्या घराण्याच्या पापातून जन्मते. सरंजामशाहीचे मढे अजून पुरते गाडले गेलेले नाही, हे गावोगावच्या पिटातल्या प्रेक्षकाला वेगळे समजावून सांगावे लागत नव्हते.

या परंपरेतला माझ्या मते सर्वश्रेष्ठ चित्रपट म्हणजे राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८). त्यातल्या हस्तर या शापित देवाजवळ सोने अमाप आहे, पण धान्याचा कणही नाही. विनायकराव कणकेची बाहुली दाखवून त्याच्या कमरेची नाणी लुटतो आणि मुलालाही हीच विद्या शिकवितो. सोने आणि अन्न यांतला हा उघडा विरोध मला वर्गात कधी इतक्या थोडक्यात मांडता आला नसता. २०२४ साली हा चित्रपट पुन्हा लागला, तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक उत्पन्न मिळविले. प्रेक्षकांची अभिरुची घसरली म्हणून गळा काढणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

मारधाडपटांची हकीगत मात्र उलट दिशेने गेली आहे. हा प्रकार मूळचा कष्टकऱ्यांचा. ‘हंटरवाली’ (१९३५) मधली नादिया दुष्टांना चाबकाने फोडून काढी, आणि मूकपटांच्या काळापासून मारामारीचे चित्रपट करणारे भगवानदादा हे तर गिरणी कामगाराचे पुत्र. १९७५ च्या ‘दीवार’चा नायक गोदीतला हमाल आहे, कामगार पुढाऱ्याचा मुलगा आहे. हप्ता मागणाऱ्या गुंडांच्या गुदामात तो स्वतः आतून कुलूप लावतो आणि किल्ली त्यांच्याकडेच फेकतो! त्या क्षणी पिटातला प्रत्येक हमाल त्याच्या बाजूने उभा असे. अर्थात संघटना तेथेही आरंभीच मोडते आणि उरतो तो एकट्याचा संताप, ही त्या चित्रपटाची मोठीच उणीव. तथापि संताप कोणाचा, याविषयी संशय नव्हता. आता २०२३ चा ‘ॲनिमल’ पाहा. येथे नायक पोलाद कारखानदाराचा मुलगा आहे. शेकडो माणसे मारतो ती पित्याच्या प्रेमासाठी आणि घराण्याच्या मालमत्तेसाठी. पोलाद गाळणारा मजूर कथेत मोजण्याइतकाही नाही. मला या चित्रपटातल्या रक्ताचा विटाळ नाही. ठोसा वरून खाली बसू लागला, याचा आहे.

आणि पडद्यावरचे ठोसे खाणारे खरे लोक कोण? १९८२ च्या जुलैत ‘कुली’च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन जखमी झाले, तेव्हा देशभर प्रार्थना झाल्या, ते योग्यच होते. २०१६ च्या नोव्हेंबरात बंगळूरजवळ एका कन्नड चित्रपटासाठी हेलिकॉप्टरमधून तलावात उड्या टाकल्या गेल्या. नायक वाचला, त्याच्याबरोबर उडी घेतलेले दोन दुय्यम नट बुडाले. २०२५ च्या जुलैत तमिळनाडूत नागपट्टिनम जिल्ह्यात मोटार उलटविण्याच्या दृश्यात एक अनुभवी फायटर गेला. त्यानंतर प्रसिद्ध झाले, की अक्षयकुमार यांनी देशभरच्या सुमारे साडेसहाशे फायटरांचा विमा स्वतःच्या खर्चाने उतरविला आहे. त्यांचे अभिनंदन. परंतु कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या धंद्यात मजुराचा विमा एका नटाच्या दातृत्वावर अवलंबून राहावा, हे कोणत्या हिशेबात बसते?

सन्मानाच्या बाबतीत आपण हॉलीवूडच्या थोडे पुढे आहोत. १९२९ पासून ऑस्कर देणाऱ्या अकादमीने साहसदृश्यांसाठी पारितोषिक ठेवले ते २०२७ मधल्या चित्रपटांपासून. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत २०१६ च्या चित्रपटांसाठीच ‘पुलिमुरुगन’बद्दल पीटर हाइन यांचा गौरव झाला. परंतु पुरस्कार फाइट मास्टरला मिळतो. तिसऱ्या मजल्यावरून पडणारा निनावीच राहतो. त्याच्या विम्याचा हप्ता निर्मितीखर्चात धरला गेलाच पाहिजे, आणि ते कागद पाहिल्यावाचून चित्रीकरणाला परवानगी मिळता कामा नये. त्यासाठी महाराष्ट्र सरकारने दिल्लीकडे पाहण्याचे कारण नाही. गोरेगावची चित्रनगरी सरकारच्याच महामंडळाची आहे. प्रारंभ तेथून करता येईल.