घरचा धंदा हाती आला, पण घरात ठरलेलं काय ते कुणी सांगितलंच नाही. अशा वेळी कायदा काय म्हणतो?

नोकरी सोडून घरच्या धंद्यात परतणाऱ्या मुलामुलींना गल्ल्याची किल्ली लगेच मिळते. पण गोदामाची जागा नक्की कुणाच्या नावावर आहे, धाकट्या काकांना किती हिस्सा द्यायचं ठरलं होतं, आत्याने सही केलेल्या कागदावर काय लिहिलं होतं, हे मात्र बऱ्याचदा कळत नाही. 'घरातलं घरात' म्हणून झाकून ठेवलेल्या या गोष्टी समोर येतात त्या घरात कुणी गेल्यानंतर, बँकेच्या नोटिशीतून किंवा थेट कोर्टाच्या समन्सातून.

हा प्रश्न फक्त छोट्या दुकानांचा नाही. महाराष्ट्रातल्या दोन नामांकित उद्योग घराण्यांचे वादही याच्याच भोवती फिरले. घरातल्या चार जणांत जे ठरलं, ते पुढे कुणाला बांधून ठेवतं? आणि ते बाहेर सांगणं बंधनकारक आहे का?

परत येण्याची जुनी परंपरा

शिकून घरच्या उद्योगात परतणं महाराष्ट्राला नवं नाही. शंतनुराव किर्लोस्कर अमेरिकेतल्या एमआयटीमधून इंजिनिअर होऊन १९२६ मध्ये परतले आणि वडील लक्ष्मणराव यांनी उभारलेल्या किर्लोस्करवाडीतल्या कारखान्यात रुजू झाले. बाबा कल्याणी हेही एमआयटीतूनच शिकून १९७२ मध्ये वडील नीलकंठ कल्याणी यांनी सुरू केलेल्या भारत फोर्जमध्ये आले. या दोघांच्या परतण्यानंतर दोन्ही उद्योग कैक पटींनी वाढले.

पण उद्योग वाढला की वाटेकरीही वाढतात. आणि वाटणीचा प्रश्न आला की जुने कागद बाहेर येतात.

कल्याणी कुटुंबाचा वाद काय आहे?

बाबा कल्याणी यांच्या भगिनी सुगंधा हिरेमठ यांनी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा दाखल केला. हिकल या कंपनीतले कल्याणी यांच्या बाजूकडचे शेअर्स आपल्याला देण्याचं कुटुंबात ठरलं होतं, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्यांनी आधार घेतला तो १९९३ आणि १९९४ मधल्या कौटुंबिक व्यवस्थेचा. बाबा कल्याणी यांनी हे दावे फेटाळले आहेत.

कुणाचं बरोबर, हे ठरवणं न्यायालयाचं काम. पण घरात जे ठरलं किंवा ठरलं नाही, त्यावरून जवळपास ३० वर्षांनी भाऊ-बहीण कोर्टात समोरासमोर आले, ही गोष्ट प्रत्येक व्यावसायिक कुटुंबाने लक्षात घेण्यासारखी आहे.

किर्लोस्करांच्या प्रकरणात काय झालं?

इथे लेखी करार होता. सप्टेंबर २००९ मध्ये किर्लोस्कर कुटुंबाने कौटुंबिक समझोता केला. पुढे २०१७ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने पंप बनवणारी ला-गज्जर मशिनरीज ही कंपनी घेतली. किर्लोस्कर ब्रदर्सचा मुख्य व्यवसाय पंपांचाच. एकमेकांच्या व्यवसायात स्पर्धा न करण्याची अट मोडली, असा आरोप संजय किर्लोस्कर यांनी केला. दुसऱ्या बाजूने तो नाकारला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाला मध्यस्थीचा मार्ग सुचवला होता.

नंतर वादाला वेगळं वळण मिळालं. हा समझोता शेअर बाजाराला जाहीर करा, असं सेबीने डिसेंबर २०२४ मध्ये समूहातल्या काही कंपन्यांना कळवलं. त्याला या कंपन्यांनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. करार कुटुंबातल्या व्यक्तींमध्ये झाला, कंपनी त्यात पक्षकार नाही, मग तो कंपनीने का जाहीर करायचा, हा यातला कळीचा मुद्दा.

सेबीचा नियम काय आहे?

सेबीने २०२३ मध्ये लिस्टेड कंपन्यांच्या नियमांत बदल केले. त्यानुसार प्रवर्तक, भागधारक किंवा संचालक यांनी आपापसांत केलेल्या करारामुळे कंपनीच्या व्यवस्थापनावर किंवा नियंत्रणावर परिणाम होणार असेल, किंवा कंपनीवर एखादं बंधन येणार असेल, तर तो जाहीर करावा लागतो. कंपनी त्या करारात पक्षकार नसली तरीही. आधीपासून लागू असलेले करारही यात आले.

कारण साधं आहे. लिस्टेड कंपनीत सामान्य माणसाचेही पैसे असतात. कंपनी उद्या कोणता व्यवसाय करू शकणार नाही, हे कुटुंबातल्या चौघांनाच माहीत आणि शेअर घेणाऱ्याला माहीत नाही, असं चालत नाही.

याउलट गोदरेज कुटुंबाने ३० एप्रिल २०२४ रोजी आपली वाटणी जाहीरपणे सांगितली. १२७ वर्षं जुन्या समूहाचे दोन भाग झाले. कुणाकडे कोणत्या कंपन्या जाणार, हे सगळ्यांना कळलं.

तोंडी ठरलेलं कायद्याला चालतं का?

काही प्रमाणात हो. १९७६ च्या काळे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कौटुंबिक व्यवस्था तोंडीही असू शकते. आधी ठरलेल्या गोष्टींची फक्त आठवण म्हणून नोंद केली, तर त्या कागदाची नोंदणी सक्तीची नाही. पण त्या कागदानेच जमीन किंवा घराचे हक्क मिळत असतील, तर नोंदणी लागते.

मात्र २०२० च्या विनीता शर्मा प्रकरणात न्यायालयाने तोंडी वाटणीबाबत सावध भूमिका घेतली. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मानेच मुलाइतका हक्क आहे, हे या निकालाने स्पष्ट केलं. 'वाटणी तर कधीच तोंडी झाली' असं सांगून तो हक्क सहज डावलता येणार नाही. अपवादात्मक परिस्थितीत, सरकारी कागदपत्रांचा ठोस आधार असेल तरच असा दावा ग्राह्य धरता येतो.

म्हणजे 'बहिणींना काही नको होतं' हे घरातलं वाक्य कोर्टात पुरेसं नाही.

छोट्या धंद्यात परतणाऱ्याने काय तपासावं?

धंदा कोणत्या स्वरूपात आहे? भागीदारी असेल तर करार वाचावा. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार, करारात वेगळं काही नसेल तर भागीदाराच्या मृत्यूनंतर फर्म विसर्जित होते. वडील गेले म्हणून मुलगा किंवा मुलगी आपोआप भागीदार होत नाही.

जुनं कर्ज कुणाचं? नवा भागीदार तो येण्याआधीच्या देण्यांना केवळ भागीदार झाल्यामुळे जबाबदार ठरत नाही. वारसांची जबाबदारीही साधारणपणे वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. पण बँकेच्या कागदावर जामीनदार म्हणून सही केली की हे संरक्षण राहत नाही. म्हणून 'फक्त सही कर' असं सांगितलं गेलं, तरी आधी कागद वाचायचा.

जागा कुणाच्या नावावर? सातबारा, फेरफार, मालमत्ता पत्रक आणि इंडेक्स-२ पाहावं. दुकानात वडील ४० वर्षं बसले म्हणून जागा त्यांचीच, असं होत नाही. हक्कसोडपत्र झालं असेल तर ते नोंदणीकृत आहे का, हेही बघावं.

कंपनी असेल तर? कंपनीच्या मालमत्तेवर कर्जाचा बोजा आहे का, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर दिसतं.

वहीबाहेरचं काय? हातउसने, भिशी, नातेवाइकांचे पैसे यांची नोंद कोणत्याच पोर्टलवर सापडत नाही. ती फक्त आई-वडिलांच्या, काकांच्या आणि जुन्या दिवाणजींच्या डोक्यात असते.

त्यामुळे हा शेवटचा प्रश्न माणसं हयात असतानाच विचारावा लागतो. अनेक घरांत तो विचारणं म्हणजे अविश्वास मानला जातो. पण ज्याला उद्या धंद्याच्या देण्याघेण्यावर सह्या करायच्या आहेत, त्याला काय देणं आहे आणि कुणाचं आहे हे कळायलाच हवं. आज जेवणाच्या ताटावर अवघड वाटणारा हा प्रश्न उद्या वकिलाच्या नोटिशीतून आला, तर उत्तर द्यायला तेव्हा घरातलं माहीतगार माणूस उरलेलं असेलच असं नाही.