मागच्या वहीतून पुढच्या वहीत

गेल्या महिन्यात इचलकरंजीहून एका भगिनीचं पत्र आलं. त्यांच्या बचत गटात बाराजणी आहेत. पापड, मसाले, पिशव्या अशी कामं करतात. कोणाकडे काय काम, कोणाला माल कधी द्यायचा, पैसे आले का, हे सगळं त्या फोनवरच्या एका अ‍ॅपमध्ये लिहितात. आता दुसरं अ‍ॅप घ्यायचं ठरलंय. त्या विचारतात, ‘चार वर्षांचा हिशेब त्यात आहे. तो नव्यात न्यायचा कसा? मुलगा म्हणतो दहा मिनिटांचं काम आहे, पण मला धीर होत नाही.’

ताई, तुमचा धीर होत नाही हेच बरं आहे. दहा मिनिटांत फाइल जाते, हिशेब जात नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या कोल्हापूरच्या फराळ मंडळानं हा उद्योग २०२४ च्या आषाढात केला आणि त्यात आम्ही कुठे कुठे ठेचकाळलो ते मला चांगलं आठवतं.

आम्ही मुळात वहीवाल्या. लांबट, लाल पुठ्ठ्याची वही होती. ती शाहूपुरीतल्या एका वहिनींकडे असायची. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शाहूपुरी-लक्ष्मीपुरीत शिरलं तेव्हा माणसं सुखरूप निघाली, वही मात्र कपाटाच्या खालच्या खणात राहिली. पाणी ओसरल्यावर तिची पानं भिजवलेल्या पोह्यांसारखी झाली होती. त्या वर्षी दिवाळीत कोणाची किती उधारी राहिली ते आम्ही आठवून आठवून लिहिलं, आणि गिऱ्हाइकांनीही खरं सांगितलं असं धरून चाललो. मग पुण्याला नोकरी करणाऱ्या एका सूनबाईंनी आम्हाला फोनवर अ‍ॅप बसवून दिलं. एकेका ऑर्डरची एकेक चिठ्ठी, आणि ती ‘आली’, ‘चालू’, ‘पाठवली’ अशा रकान्यांतून सरकवायची. महिन्याभरात सगळ्या सरावल्या. पुढे आम्ही आठाच्या चौदाजणी झालो आणि फुकटात इतकी माणसं चालणार नाहीत असं ते अ‍ॅप सांगू लागलं. म्हणून दुसरं बघायची पाळी आली.

अशी पाळी कोणावरही येते. दुकानच बंद होतं कधी कधी. वंडरलिस्ट नावाची कामाच्या याद्यांची सोय पुष्कळ लोक वापरत. मायक्रोसॉफ्टनं ती २०१५ साली विकत घेतली आणि ६ मे २०२० ला बंद केली. तेव्हा ‘आम्ही कशाला बदलू’ असं म्हणून चालत नाही. पण कधी बदलायचं हे आपल्या हाती असतं. गुजरीतले सराफ नवी वही पाडव्याला घालतात, ऐन लक्ष्मीपूजनाच्या गर्दीत नव्हे. आम्ही आषाढ निवडला तो त्यासाठीच. उन्हाळी कामं उरकलेली, बाहेर धो धो पाऊस, वाळवण नाही आणि गौरी-गणपतीला अजून वेळ. दिवाळीच्या तोंडावर हे काम काढणारी बाई मला भेटली तर मी तिच्या हातातून फोन काढून घेईन!

पहिलं काम आवराआवरीचं. घर बदलताना आपण फुटक्या बरण्या टेम्पोत भरतो का? आमच्या अ‍ॅपात एकाच गिऱ्हाइकाची तीन तीन नावं निघाली: ‘पाटील काकू’, ‘पाटील रंकाळा’, ‘रंकाळ्याच्या काकू’. नवं यंत्र त्यांना तीन बायका समजणार. कोणत्या पाटील कोणत्या, हे ठरवायला आम्हाला दोन दुपारी लागल्या. (कोल्हापुरात पाटलांची यादी करणं हा स्वतंत्र विषय आहे.) पण हे जुन्या घरातच करावं. नव्यात गेल्यावर तो पसारा कोणी आवरत नाही.

मग माल बाहेर काढायचा. बहुतेक अ‍ॅपांतून आपली माहिती फाइल म्हणून बाहेर काढता येते, पण कोणत्या घडणीची फाइल मिळते ते आधी बघा. ट्रेलोचंच बघा, फुकट खात्यावर जेसन नावाची फाइल मिळते. ती यंत्राला वाचता येते, आपल्याला नाही. साध्या रकान्यांची सीएसव्ही फाइल तिथे पैसे भरणाऱ्यांना मिळते. आसनासारखी अ‍ॅपं सीएसव्ही आत घेतात, एका ओळीचं एक काम करतात. म्हणजे नेणारा टेम्पो आणि उतरवणारा जिना, दोन्हीची मापं आधी जुळली पाहिजेत.

आमची फाइल आली. ती एक्सेलमध्ये उघडली आणि सगळ्या चकित! शंकरपाळी नाही, चकली नाही, नुसती टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं. एकजण म्हणाली, ‘अगं बाई, सगळं नासलं की!’ नासलं नव्हतं. मराठी मजकुराची अशी फाइल नुसती टिचकी मारून उघडली की असं होतं. एक्सेल आधी उघडायचं, त्यातून फाइल आत घ्यायची आणि विचारेल तेव्हा यूटीएफ-८ निवडायचं, की आपली अक्षरं जशीच्या तशी दिसतात. गूगल शीटमध्ये हा त्रास सहसा होत नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात टाइप केलेल्या याद्या असतील तर मात्र प्रकरण वेगळं आहे. ती अक्षरं मुळातच निराळी असतात, त्यांचं युनिकोडात रूपांतरच करून घ्यावं लागतं.

फोन नंबरांचीही तीच गत. पुढे ९१ लावून बारा आकडी लिहिलेले नंबर एक्सेलनं आखडून टाकले. मध्ये एक टिंब आणि शेवटी इंग्रजी ‘ई’. त्या अवस्थेत फाइल साठवली की मधले आकडे गेले ते गेलेच. त्या रकान्याला ‘हा आकडा नाही, मजकूर आहे’ असं आधी सांगावं लागतं. आणि तारखा! आपण ८/९ लिहितो ते आठ सप्टेंबर म्हणून. अमेरिकी वळणाचं यंत्र ते नऊ ऑगस्ट वाचतं. आमचे गौरीच्या फराळाचे डबे असे महिनाभर आधी निघाले असते. बरं, १३ तारखेपासून पुढे ही चूक होत नाही, कारण त्याच्या हिशेबी तेरावा महिना नसतो. (आपल्याकडे अधिक महिना असतो, पण त्याला कोण सांगणार!) म्हणून अर्ध्या तारखा बरोबर दिसतात आणि आपण फसतो. आम्ही शेवटी सगळ्या तारखांत महिन्याचं नाव अक्षरात लिहिलं.

याहून अवघड दुखणं निराळं होतं. जुन्यात पैशांच्या तीन खुणा होत्या: ‘बाकी’, ‘अर्धे आले’, ‘पूर्ण’. नव्यात दोनच: झालं आणि नाही झालं. मधले ‘अर्धे’ कुठे बसवायचे? सूनबाईंच्या हातून ते ‘झालं’मध्ये गेले. तेवीस गिऱ्हाइकांची निम्मी बाकी एका क्षणात फिटली!

मला तेव्हा आईची गोष्ट आठवली. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. रुपयाचे १६ आणे होते, त्यांचे १०० नये पैसे झाले. एका आण्याचे होतात सव्वासहा, पण सव्वा पैसा कुठून आणणार? म्हणून कोष्टकात १ आण्याचे ६, दोनचे १२, तीनचे १९ आणि चारचे २५ ठरले. आता रोज एक आण्याची कोथिंबीर चार दिवस घेतली तर २४ पैसे, आणि चार आण्यांची एकदम घेतली तर २५. आई त्या एका पैशासाठी वहीत वेगळा रकाना आखायची आणि आम्ही हसायचो. जुन्या मापातलं नव्या मापात नेमकं बसत नाही तेव्हा उरतं ते कोणाच्या तरी पदरातून जातं, हे तिला नीट ठाऊक होतं. आम्हीही मग ‘किती आले’ असा आकड्यांचा रकानाच वेगळा केला, आणि तेवीसही बाक्या परत जागेवर आल्या.

एवढं सगळं झाल्यावर मिळवणी केली. जुन्यात ३१२ ऑर्डरी, नव्यात ३१२. येणं तेवढंच, रुपयाचाही फरक नाही. आम्ही चहा टाकला. जुनं अ‍ॅप आता पुसून टाकू असंही कोणीतरी म्हणालं.

पण आमच्यातल्या एका मावशींचे यजमान तलाठी होते, आता निवृत्त आहेत. ते दारातूनच म्हणाले, ‘आकडे जुळले म्हणून काय झालं? चावडी वाचन केलं का?’

चावडी वाचन ही सातबाऱ्याची भाषा. गाव नमुना सात म्हणजे जमिनीचा हक्क आणि बारा म्हणजे पिकं. पिढ्यान्‌पिढ्या हातानं लिहिलेले हे उतारे महाराष्ट्रभर संगणकावर चढवले गेले आणि १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. दिसायला हे नुसतं नकलण्याचं काम. पण कुठे नाव चुकलं, कुठे एका भावाचं नाव राहिलं, कुठे क्षेत्रातला आकडा सरकला. एकराचे ४० गुंठे, आणि हेक्टरी मापात तोच एकर साधारण साडेचाळीस आर. दशांशचिन्ह एक घर इकडेतिकडे झालं की संपलं! ही चूक सुधारायची तर जमीन महसूल संहितेच्या १५५ व्या कलमाखाली तहसीलदारांकडे अर्ज करावा लागतो. म्हणून गावोगावी लोकांना बोलावून उतारे मोठ्यानं वाचून दाखवले गेले. तलाठी काका सांगतात, ‘कागद कागदाशी ताडला तर जुळतोच. माणसाला ऐकवला की म्हातारी उठून म्हणते, अन्‌ माझ्या थोरल्याचं नाव कुठं गेलं?’

झालं, आमचंही चावडी वाचन सुरू झालं. स्वयंपाकघरातच, पाटांवर बसून. एकीनं नव्या अ‍ॅपातली चिठ्ठी वाचायची आणि जिनं तो माल करून दिला होता तिनं ऐकायचं. आधी सगळ्या कंटाळल्या. दीड किलो भाजणीची चकली, दोन किलो बेसन लाडू, किती वेळ ऐकणार! साठ-सत्तर चिठ्ठ्या झाल्या असतील. मग नागाळा पार्कातल्या एका घराची ठरलेली ऑर्डर आली. ‘चिवडा तीन किलो, करंजी दोन किलो, दर दिवाळीला.’

मावशी भाजी निवडत होत्या. त्या थांबल्या. ‘आणि शेंगदाणं?’

‘काय शेंगदाणे?’

‘अगं त्या घरातल्या पोराला शेंगदाणा चालत न्हाई. एकदा खाल्ला तर ओठ सुजलं, दम लागला, रात्री दवाखान्यात न्यायला लागलं. ते लिवलंय का बघ.’

नव्यात ते नव्हतं. जुन्यात होतं, पण ऑर्डरीच्या रकान्यात नव्हे. खाली बोलणं लिहायची जी जागा असते तिथे, तीन वर्षांपूर्वी मुलाच्या आईशी फोनवर बोलून कोणीतरी लिहून ठेवलं होतं. फाइल रकान्यांची असते. खालचं हे बोलणं सीएसव्हीतून जात नाही, जोडलेले फोटोही जात नाहीत. आकड्यांच्या मिळवणीत तो मुलगा कुठेच नव्हता.

त्या दिवशी चहा कोणाला गेला नाही. आम्ही जुनं अ‍ॅप पुन्हा उघडलं आणि ३१२ चिठ्ठ्यांखालचं बोलणं हातानं वाचून काढलं. आठवडा लागला. बहुतेक ‘बरं’, ‘निघाले’, ‘वहिनी फोन करा’ असंच होतं. पण त्यातच निघालं की राजारामपुरीतल्या एका आजींना साखरेचं काही द्यायचं नाही, लेकीनं मागितलं तरी. एका घरी यंदा सुतक, पुढच्या वर्षी विचारा. आणि एका गिऱ्हाइकाची बाकी कधीही मागायची नाही, कारण तिचे यजमान गेले तेव्हा आम्ही सगळ्यांनी ती सोडायचं ठरवलं होतं. यंत्रानं ती बाकी इमानानं नव्यात नेली होती. गणपतीत तिला आठवणीचा निरोप गेला असता.

तेव्हा इचलकरंजीच्या ताई, मुलाला दहा मिनिटं जरूर द्या, पण आधी पाचसात ऑर्डरीच नेऊन बघायला सांगा. जुनं अ‍ॅप निदान एक दिवाळी जाईपर्यंत पुसू नका, फक्त त्यात नवं लिहिणं एका ठरल्या तारखेला सगळ्यांनी बंद करा. निम्म्या इकडे आणि निम्म्या तिकडे लिहीत राहिल्या तर कोणतं खरं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. बाहेर काढलेली फाइल दोन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक ठिकाण पुराच्या पाण्याच्या वर असू द्या. आणि बाराजणींना एका दुपारी बसवून सगळं मोठ्यानं वाचा. गटातली सर्वांत जुनी बाई त्या दिवशी गावाला गेली असेल तर वाचन पुढे ढकला.

नव्या अ‍ॅपात आम्ही प्रत्येक चिठ्ठीवर एक रकाना वाढवलाय. त्याचं नाव ‘नको’. तो रिकामा ठेवायचा नाही. काही नसेल तर ‘विचारलं, काही नाही’ असं लिहायचं. नागाळा पार्काच्या चिठ्ठीवर तिथे लिहिलंय: शेंगदाणे नकोत, शेंगतेलही नको. आमची एरवीची तळणी घाण्याच्या शेंगतेलावर असते, हे तोवर कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मुलाच्या आईला पुन्हा फोन केला तेव्हा तिनं ते विचारलं. त्या दिवाळीत त्या घरचा चिवडा मावशींनी सर्वांत आधी, घासलेल्या कढईत, सूर्यफुलाच्या तेलावर केला आणि डब्यावर स्वतःच्या हातानं चिठ्ठी चिकटवली.