जुन्या जीपगाडीस गॅसची जोड : लाभ कोणाचा व केव्हा?

पेट्रोलवर चालणारी जुनी जीपगाडी अद्यापि पुष्कळ बागाईतदारांच्या पदरी आहे. नांगरटीच्या रानातून, ओढ्याच्या वाळूतून व घाटातील कच्च्या वाटेने खताची पोती अगर मजूर नेण्याच्या कामी तिची बरोबरी करणारे वाहन तिच्या किमतीत सहसा मिळत नाही. परंतु तिची तहान मोठी आहे. त्या खर्चास कंटाळून काही गाडीमालक ती द्रवरूप गॅसवर, म्हणजे प्रोपेन व ब्युटेन ह्यांच्या मिश्रणावर, चालविण्याचा विचार करू लागले आहेत. हा विचार मुळात सयुक्तिक आहे, असे आमचे मत आहे. मात्र तो अर्धवट अमलात आणल्यास पैसा जातो व प्रसंगी जीवही जातो. म्हणून त्याच्या दोन्ही बाजू वाचकांपुढे मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

इंधन बदलण्याचा प्रसंग आपल्या देशावर नवा नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेट्रोल मोजून मिळू लागले, तेव्हा लोणारी कोळशाचा गॅस करून त्यावर मोटारी चालविण्यात आल्या. पेट्रोल सुटताच ती धुरकट यंत्रे अडगळीत गेली. कारण तो निव्वळ नाइलाज होता. आजची कारणे निराळी आहेत. पेट्रोलचा भाव हे पहिले, व पेट्रोलचे बदललेले घटक हे दुसरे. शिसे मिसळलेले पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून देशात बंद झाले, आणि २०२५ साली पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण शेकडा २० पर्यंत पोचले. हे इथेनॉल काही अंशी आपल्याच उसापासून होत असल्याने ऊस पिकविणाराने त्यास नावे ठेवू नयेत, हे खरे. तथापि जुन्या गाडीच्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा ह्यांस ते मानवत नाही. शिवाय ते ओलावा शोषून घेते, व महिना महिना उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत पाणी तळाशी बसते.

गॅसची योजना समजण्यास कठीण नाही. टाकीत दाबाखाली द्रवरूपाने राहिलेला गॅस नळीने इंजिनाजवळच्या बाष्पकात येतो. तेथे रेडिएटरच्या गरम पाण्याच्या उष्णतेने त्याची वाफ होते, दाब उतरतो, आणि कार्ब्युरेटरच्या तोंडाशी ती वाफ हवेत मिसळून इंजिनात जाते. कार्ब्युरेटरमधील तरंगता गोळा ह्यात कामास येत नाही. त्यामुळे तीव्र चढावर अगर गाडी एका अंगास कलली असता पेट्रोल सांडून इंजिन बंद पडण्याचा जो त्रास जीपवाल्यांस नित्याचा आहे, तो नाहीसा होतो. तसेच थंड इंजिनात कच्चे पेट्रोल वंगणाच्या तेलात उतरून ते पातळ होते, ती खराबीही टळते. आडवाटेने चालणाऱ्या गाडीच्या दृष्टीने हे दोन लाभ लहान नव्हेत.

आता उणी बाजू. एक लिटर गॅसमध्ये एक लिटर पेट्रोलहून उष्णता कमी असते. सबब तेवढ्याच वाटेस गॅस शेकडा २० ते २५ अधिक लागतो. ताकदही थोडी उतरते. गॅसचा खरा गुण, अधिक दाब सोसण्याचा, जुन्या जीपमध्ये वायाच जातो. जुन्या विलिस इंजिनात हवेचे आकुंचन सुमारे साडेसहास एक इतकेच होते, आणि इतक्या कमी आकुंचनास त्या गुणाची गरज नसते. ह्याखेरीज गॅस कोरडा जळतो. इंजिनाची अवस्था न पाहता तो जोडल्यास एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका झिजतात व दाब फुटू लागतो. म्हणून प्रथम कॉम्प्रेशन तपासावे, गरज पडल्यास बैठका कठीण धातूच्या घालून घ्याव्यात, रेडिएटर साफ करावा, आणि प्लगमधील अंतर व ठिणगीची वेळ गॅसच्या मानाने लावून घ्यावी. तेल पिणाऱ्या इंजिनास गॅस जोडणे म्हणजे आजारी बैलास नवी झूल घालणे होय. डिझेल जीपचा प्रश्नच येत नाही. तीत ठिणगीची योजना नसल्यामुळे हा संच तीस जसाच्या तसा लागू पडत नाही.

खर्चाचा हिशेब प्रत्येकाने आपल्या वापरावर मांडावा. समजा, पेट्रोल १०० रुपये व गॅस ६० रुपये लिटर आहे, आणि गाडी पेट्रोलवर लिटरला ८ किलोमीटर चालते. गॅसवर ती ६.४ चालेल. वर्षास १०,००० किलोमीटर फिरणाऱ्यास पेट्रोल सव्वा लाखाचे लागेल, व गॅस ९३,७५० रुपयांचा. म्हणजे बचत ३१,२५० रुपये. संचास व जोडणीस ४०,००० रुपये पडले असे धरले, तरी ते सुमारे सव्वा वर्षात फिटतात. परंतु वर्षास २,००० किलोमीटर फिरणाऱ्याची बचत ६,२५० रुपयांचीच होते, व तेच भांडवल फिटण्यास सहा वर्षांहून अधिक लागतात. त्यात गॅसचा पंप वीस कोस दूर असेल, तर बचत वाटेतच सांडते. अशा मालकाने पेट्रोलच ठेवावे, इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या व पडदा बसवून घ्यावा, आणि राहिलेला पैसा विहिरीकडे लावावा, असे आम्ही स्पष्ट सांगतो.

ह्या अडचणीतूनच सर्वांत घातक प्रकार जन्मास येतो. तो म्हणजे स्वयंपाकाची टाकी गाडीस जोडणे, अगर तीतून गाडीच्या टाकीत चोरून गॅस भरणे. घरची टाकी उभी ठेवून तिच्या माथ्यावरून वाफ घ्यावयाची असते, तर गाडीच्या टाकीतून द्रव घ्यावयाचा असतो. उभ्या टाकीतून इंजिनास पुरेल इतकी वाफ ओढली की टाकी थंड पडून पुरवठा मंदावतो. आणि ती आडवी केली की द्रव थेट नळीत शिरतो. गाडीच्या टाकीस शेकडा ८० भरताच भरणे थांबविणारी, नळी तुटताच प्रवाह रोखणारी व दाब वाढताच तो सोडणारी झडप असते. घरच्या टाकीस हा सारा सरंजाम नाही. गॅस हवेहून जड असल्यामुळे गळती झाल्यास तो वर न जाता खड्ड्यात, गव्हाणीत अगर बंद खोपीत साचतो व चुलीच्या एका ठिणगीची वाट पाहतो. २००१ सालच्या आदेशाने मोटारगाड्यांतील गॅसच्या वापरास नियम घालून दिले आहेत. त्यांप्रमाणे संच मान्यताप्राप्त पाहिजे, जोडणी अधिकृत जागी झाली पाहिजे, व नोंदणी-पुस्तकात इंधनाचा बदल चढला पाहिजे. तो न चढविल्यास अपघाताच्या वेळी विम्याची भरपाईही हातची जाऊ शकते.

तथापि केवळ निषेध करून भागणार नाही, असे आम्हांस वाटते. योग्य मार्ग लांबचा व महाग असला की माणूस आडमार्गास लागतो. गाड्यांची व संचांची परीक्षा करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन पुण्यास आहे, आणि गॅसच्या साठ्यास परवाने देणारी पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना नागपुरास. दोन्ही आपल्याच राज्यात असता, जुन्या जीपच्या मालकाने कोणता संच घ्यावा व तो कोठे बसवावा, ह्याचे उत्तर त्यास तालुक्याच्या गावी मिळू नये, ही गोष्ट भूषणावह नाही. जुन्या इंजिनांस चालणाऱ्या मान्य संचांची यादी परिवहन खात्याने मराठीत छापून प्रत्येक कार्यालयात लावावी. आपल्याकडील खरेदी-विक्री संघ व साखर कारखाने ह्यांपैकी पुष्कळांचे पेट्रोलपंप आहेत. त्यांनी आपापल्या भागातील गाड्यांची मोजणी करावी, आणि संख्या पुरेशी भरल्यास गॅसच्या पंपाची मागणी तेल कंपन्यांकडे एकत्रितपणे करावी. एकट्या शेतकऱ्याच्या अर्जास जे वजन नाही, ते संघाच्या ठरावास येते.

तोवर आमचा सल्ला थोडक्यात असा : वापर मोठा, इंजिन निरोगी व पंप जवळ, ह्या तिन्ही गोष्टी जुळत असतील तरच गॅस घ्यावा, आणि घेतल्यास तो नियमाप्रमाणेच घ्यावा. ह्यांपैकी एकही उणी असेल, तर थांबण्यातच शहाणपण आहे. स्वयंपाकघरातील टाकी मात्र स्वयंपाकघरातच राहू द्यावी.