प्रार्थना आणि वेतनश्रेणी

नाशिकच्या एका शाळेतील शिक्षक प्रार्थनेच्या वेळी उभे राहत, परंतु हात जोडत नसत. व्यवस्थापनाला ही बेशिस्त वाटली व त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवून धरण्यात आली. प्रार्थनेत हात जोडण्याची सक्ती हा मूलभूत हक्कांचा भंग होय, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. निर्णय स्वागतार्हच आहे. परंतु तोवर एका पगारदार माणसाला आपल्या सदसद्विवेकबुद्धीचे मोल रोख चुकवावे लागले, ही गोष्ट धर्मनिरपेक्षतेवरील आपल्या व्याख्यानांत सहसा येत नाही.

वस्तुतः हा प्रश्न फार पूर्वीच निकालात निघावयास हवा होता. राष्ट्रगीत चालू असता आदराने उभी राहणारी, पण आपल्या पंथाच्या श्रद्धेनुसार ते न गाणारी तीन भावंडे केरळातील शाळेने १९८५ मध्ये काढून टाकली होती. त्यांना परत घेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी दिला. जे मौन राष्ट्रगीताच्या वेळी चालते, ते प्रार्थनेच्या वेळी का चालू नये?

राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदानुसार मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत कोणालाही त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक उपासनेत सहभागी करून घेता येत नाही. संमती! ती विचारतो कोण? मुलाच्या प्रवेशासाठी दारात ताटकळणारा शेतमजूर मुख्याध्यापकांना प्रार्थनेबद्दल हरकत कळवील, ही कल्पनाच पुस्तकी आहे. अर्थशास्त्रात आम्ही ज्याला ऐच्छिक व्यवहार म्हणतो, त्याला निदान दुसरा पर्याय असावा लागतो. लहान गावात शाळाच एक असते.

म्हणून भक्तिसंगीत शाळेतून हद्दपार करा, असे कोणी म्हणू नये. तुकोबांचे अभंग आणि कबीराची पदे वगळून संगीताचा तास घ्यायचा तरी कसा? अभंग शिकवावा, चालीसकट शिकवावा, परीक्षेतही विचारावा. तोच अभंग परिपाठात हात जोडून, डोळे मिटून म्हणण्याचा हुकूम सुटला, की पाठाची उपासना होते. साने गुरुजींची प्रार्थना आशयाने कितीही उदार असो, पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली उपोषणास बसलेल्या गुरुजींच्या शब्दांसाठी कोणाचे हात बळाने जोडले जाणे, हे त्या उपोषणाला धरून होणार नाही.

परिपाठात मौन राहणे वा हात न जोडणे ही बेशिस्त नव्हे, असे शिक्षण खात्याने प्रत्येक शाळेस लेखी कळवावे. आणि एवढ्यावरून कोणाचे वेतन अडविल्यास ते व्याजासह वसूल करावे. अनुदानातून नव्हे, संस्थेच्या स्वतःच्या तिजोरीतून.