अर्धपुतळ्यांवरून परत फिरू नका

दिल्लीला जाऊन आलेल्यांकडून राष्ट्रीय समर स्मारकाबद्दल हल्ली एक तक्रार हमखास ऐकू येते. तिथे म्हणे जत्रा भरते. पोरं धावतात, लोक फोटो काढत सुटतात, इंडिया गेटवर फिरायला आलेली गर्दी तशीच आत शिरते. मग उपाय सुचवला जातो: तिकीट लावा, लहान मुलांना आत सोडू नका, मोबाइल बाहेर ठेवून घ्या. सांगणाऱ्यांच्या मनात जवानांबद्दल आदर आहे, यात मला शंका नाही. पण हा उपाय स्मारकाच्याच मुळावर येणारा आहे.

माणसांना दूर ठेवून पावित्र्य जपलं की काय होतं, हे पाहायला दिल्ली गाठायला नको. 1980च्या दशकात महाराष्ट्रात ठिकठिकाणी हुतात्मा स्मारकं उभी राहिली. त्यातल्या कितीतरी जागी आज फाटकाला कुलूप असतं. 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीला झाडलोट होते, हार चढतो, भाषण होतं, कुलूप पुन्हा लागतं. तिथे कुणाचं पोर धावत नाही, की कुणी फोटो काढत नाही. आणि आत कुणाची नावं आहेत, हे त्याच गावातल्या कॉलेजच्या मुलाला सांगता येत नाही. स्मारकं गर्दीने मरत नाहीत, ओसाडीने मरतात. दिल्लीच्या स्मारकात रोज संध्याकाळी एका शहीद जवानाचे घरचे लोक येऊन पुष्पचक्र वाहतात. आपल्या माणसासाठी दिल्लीपर्यंत आलेल्या एखाद्या माउलीच्या भोवती चार अनोळखी माणसं असावीत, की मोकळी फरशी? आत विनामूल्य जाता येतं, ते तसंच राहिलं पाहिजे.

गर्दी जाते कुठे, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे. ती जाते स्मारकातल्या परम योद्धा स्थळी. झाडांच्या सोबतीने तिथे 21 परमवीरचक्र विजेत्यांचे अर्धपुतळे आहेत. आपला मराठी पर्यटक रामा राघोबा राणे यांच्यापाशी थांबतो, अभिमानाने फोटो काढतो आणि बाहेर पडतो. राणे कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्सचे. अभिमान वाटलाच पाहिजे. एप्रिल 1948 मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर पेरलेले सुरुंग काढत, रणगाड्याखालून रांगत, दोरीच्या खुणेने चालकाला वाट दाखवत या माणसाने सैन्य पुढे नेलं. पण त्यांचं मानपत्र नीट वाचा. सुरुवातीलाच शत्रूच्या तोफगोळ्यांनी त्यांच्या तुकडीतले दोन जण ठार झाले आणि पाच जखमी, त्या जखमींत स्वतः राणेही होते. राणे आपल्याला ठाऊक आहेत. त्या दोघांची नावं आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील?

यावर कुणी म्हणेल, पराक्रमाची प्रतवारी असतेच, सर्वोच्च शौर्यालाच सर्वोच्च मान. हे मला अर्धंच पटतं. पदक मिळायला शौर्य लागतं, तसा ते पाहून सांगणारा जिवंत साक्षीदारही लागतो, आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारं कुणीतरी लागतं. 18 नोव्हेंबर 1962 रोजी लडाखमधल्या रेझांग ला इथे 13 कुमाऊं बटालियनची एक कंपनी मेजर शैतानसिंग यांच्या हाताखाली लढली. शंभराहून अधिक जवान पडले. जे मोजके वाचले, त्यांनी सांगितलेली हकिकत सुरुवातीला खरी वाटेना. पुढे हिवाळा सरताना एका मेंढपाळाला ती जागा दिसली, शोधपथक वर गेलं, तेव्हा जवान आपापल्या मोर्च्यांत, शस्त्रं हातात धरलेल्या अवस्थेत गोठलेले सापडले. बर्फाने साक्ष दिली म्हणून ही लढाई आज स्मारकाच्या वीरता चक्र या भागातल्या कांस्य शिल्पात आहे. ज्या ठाण्यावर साक्षीला माणूस उरला नाही आणि बर्फही नव्हतं, तिथल्या जवानाचं काय?

त्याच्यासाठी स्मारकातलं त्याग चक्र आहे. माझ्या लेखी स्मारकाचा प्राण तिथे आहे. गोल फिरत जाणाऱ्या भिंती, त्यांवर ग्रॅनाइटच्या पाट्या, एका जवानाला एक पाटी, सोनेरी अक्षरांत नाव. 25 फेब्रुवारी 2019 रोजी स्मारक खुलं झालं तेव्हा ही नावं सुमारे 26 हजार होती. पदक मिळालेल्याची पाटी मोठी आणि न मिळालेल्याची लहान, असा भेद तिथे नाही.

या नावांमुळेच आणखी दोन आक्षेप माझ्यापुरते निकालात निघतात. इंडिया गेट होतंच की, असं म्हणणाऱ्यांनी त्यावरची 13 हजारांहून अधिक नावं कुणाची आहेत ते पाहावं. ती पहिल्या महायुद्धात आणि अफगाण युद्धात इंग्रज साम्राज्यासाठी पडलेल्यांची. त्यांचाही मान राहावाच, पण 1947 नंतर पडलेल्यांची नावं त्या कमानीवर नव्हती. 1972 पासून 2022 पर्यंत कमानीखाली तेवत असलेल्या अमर जवान ज्योतीपाशीही नावं नव्हती.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: अशी स्मारकं युद्धज्वर वाढवतात. नुसते पुतळे आणि तोफा असत्या तर मीही हेच म्हटलं असतं. पण भिंतीवरची नावं वाचत जाताना आवेश टिकत नाही. ऑपरेशन पवनची नावं घ्या. 1987 ते 1990 या काळात श्रीलंकेत आपले हजाराहून अधिक जवान गेले. त्या मोहिमेचा विजयदिन आपण साजरा करत नाही, तिच्याबद्दल शाळेत फारसं कुणी शिकवत नाही. त्यांना तिथे का पाठवलं, हा प्रश्न आजही विचारायला हवा, आणि तो विचारायला ती भिंत भाग पाडते. युद्धाची किंमत नावानिशी मांडून ठेवणं हा लोकशाहीतल्या नागरिकाचा हक्क आहे.

म्हणून दिल्लीची सहल काढणाऱ्या शाळांना माझं कळकळीचं सांगणं आहे. अर्धपुतळे शेवटी दाखवा. आधी मुलांना त्याग चक्रात न्या आणि प्रत्येकाला एक नाव निवडू द्या, मराठा लाइट इन्फंट्रीचं, महार रेजिमेंटचं, पूना हॉर्सचं, नाहीतर पार आसामातल्या कुणाचं. ते वहीत उतरवून घेऊ द्या. परत आल्यावर ती लढाई कुठे झाली, कशासाठी झाली, हे त्याने शोधून वर्गात सांगावं. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी केली तर आपल्या भागातल्या वीरपत्नी आणि वीरमाता भेटतात. त्यांना वर्गात बोलवा, आणि 15 ऑगस्टची वाट न पाहता बोलवा.